साबिना फॅलनचा एक नंबर

क्लूनब्रॅकमध्ये कुणाचं मत कुणाला, हे कुणी विचारत नसे. विचारायचं कशाला? घर बघितलं की कळायचं. इंग्रज गेल्यावरच्या यादवीत ज्या घरचा माणूस ज्या बाजूनं उभा राहिला ती बाजू त्या घराला चिकटली, ती चिकटलीच. इंग्रजांशी झालेला तह मानणारे एकीकडे, न मानणारे दुसरीकडे. एरवी सगळे एकाच देवळात गुडघे टेकायचे, एकमेकांचं गवत कापू लागायचे, एकमेकांच्या मयताला खांदा द्यायचे. पण कौन्सिलची निवडणूक लागली की समोरासमोरची फाटकं असली तरी मान वळवून जायचे. असली आमची तऱ्हा.

फॅलनांचं घर तहाच्या विरुद्धचं. मॅलकी फॅलनचा थोरला भाऊ फेस्टस याला तहवाल्यांच्या सैनिकांनी चुन्याच्या भट्टीच्या भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या होत्या. एकविशीचं पोर. त्याचा फोटो चुलीवरच्या फळीवर येशूच्या तसबिरीशेजारी असायचा, आणि दोघांत मिळून एकच दिवा. त्या घरात साबिना लग्न होऊन आली. माहेरी तिच्या राजकारण म्हणजे पाऊस कधी उघडतोय आणि दलदलीतून कापलेलं जळणाचं पीट कधी वाळतंय, एवढंच. सासूनं पहिल्याच आठवड्यात तिला चुलीपुढे बसवून सांगितलं, "पोरी, या घराची मतं एका दोरीत बांधलेली आहेत. दोरी माझ्या हातात आहे." साबिना मान डोलावून पीठ मळायला लागली.

मॅलकीचं तर निवडणुकीशी दुसरं लग्नच लागलेलं. शाळेत मतदान असलं की ते घेणाऱ्या मास्तरांच्या टेबलाशेजारी दोन्ही बाजूंचा एकेक माणूस खुर्ची टाकून बसतो. खोट्या नावानं कुणी मत टाकत नाही ना, हे बघणं त्याचं काम. तहाविरुद्धच्यांची खुर्ची मॅलकीची, आणि समोरची जार्लथ क्वर्कची. मेलेल्यांची आणि इंग्लंडला गेलेल्यांची मतं टाकायला आमच्याकडे माणसं हौसेनं यायची. एकदा एकजण आपल्या चुलत्याचं नाव सांगून चिठ्ठी मागायला लागला. मॅलकी खुर्चीतूनच म्हणाला, "तुझ्या चुलत्याला मी खांदा दिलाय, बाबा. असा जड होता, अजून दुखतोय. चालत आला होय तो?" सगळी शाळा हसली. जार्लथसुद्धा हसला, आणि तो मत टाकायला आलेला तर जार्लथच्याच बाजूचा होता.

आमच्याकडे चिठ्ठीवर फुली मारत नाहीत, आकडे घालतात. जो मनातला त्याच्या नावापुढे एक, म्हणजे नुसती उभी रेघ, त्याच्या खालोखाल दोन, मग तीन. एक नंबरवाला पडला तर मत दोन नंबरवाल्याकडे जातं. क्लूनब्रॅकची रीत अशी की एक, दोन, तीन सगळे आपल्याच बाजूला द्यायचे आणि पेन्सिल खाली ठेवायची. पलीकडच्या बाजूला शेवटचा नंबरसुद्धा द्यायचा नाही. मग एक नंबर देणं तर सोडूनच द्या!

साबिनानं तो दिला. एकदा नाही, दर वेळी.

त्याचं असं झालं. फॅलनांच्या घराला पाणी नव्हतं. विहीर खालच्या शेताच्या टोकाला, मध्ये दोन दगडी कुंपणं, त्यांवरून चढायच्या पायऱ्या, आणि हिवाळ्यात त्या पायऱ्यांवर बर्फ. दोन बादल्या घेऊन साबिना दिवसातून कितीदा खालीवर करायची ते तिलाच ठाऊक. त्यांच्या बाजूचा कौन्सिलर ग्लिन दर निवडणुकीला स्वयंपाकघरात बसून चहा प्यायचा. "या वेळी तिठ्यावर पंप बसवतोच बघा," असं म्हणायचा. सासू त्याला दुसरा कप द्यायची. त्या कपाचं पाणीसुद्धा साबिनानंच आणलेलं असायचं. पंप काही यायचा नाही.

तिसऱ्या खेपेला दिवस गेले होते तेव्हाची गोष्ट. जानेवारी होता. सासू अंथरुणात खोकत होती आणि मॅलकी घरी नव्हता. साबिना पायरीवरून घसरली. बादल्यांचं पाणी अंगावर, आणि ती कुंपणाला पाठ लावून तिथंच बसून राहिली, कारण उठता येईना. बाळ गेलं. घरात कुणी त्याबद्दल फार बोललं नाही. असल्या गोष्टी बोलायच्या नसतात असं तेव्हा मानत. सासूनं कोंबडी कापून रस्सा केला, मॅलकी तीन रात्री गोठ्यातच झोपला, आणि पंधरा दिवसांनी साबिना परत बादल्या घेऊन निघाली.

त्याच वसंतात विहिरीवर तिला ल्यूक हेशन भेटला. तहवाल्यांचा उमेदवार. घरोघर हिंडत होता, पण फॅलनांच्या घराकडे यायची त्याची छाती नव्हती, आडवाटेनं पलीकडे चालला होता. तिला बघून थांबला. "बाई, द्या इकडे," म्हणाला आणि दोन्ही बादल्या उचलून चालायला लागला. साबिना घाबरली. कुणी बघितलं तर? "तुम्हाला ठाऊक आहे ना मी कुठल्या घरची ते?" तिनं मागून विचारलं.

"ठाऊक आहे. म्हणून तर फाटकाच्या आत येत नाही," हेशन म्हणाला. "कुंपणाशी ठेवतो. तिथून तुमचं तुम्ही न्या. आणि मत मागत नाही बरं का, मला शिव्या खायची हौस नाही."

त्यानं बादल्या ठेवल्या, टोपीला हात लावला आणि गेला. एक थेंब सांडला नव्हता. हेशन त्या वर्षी निवडून आला आणि पुढच्या उन्हाळ्यात तिठ्यावर हिरवा पंप उभा राहिला. ग्लिननं गावभर सांगितलं की तो त्याच्याच रेट्यानं आला. सासू म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते?" साबिनानं तोंडात मिठाची गुळणी धरली आणि कळ दाबून बादली भरली.

त्यानंतरची निवडणूक दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत आली. साबिना शाळेतल्या त्या लाकडी आडोशामागे उभी राहिली. सुतळीला बांधलेली पेन्सिल हातात धरली आणि हेशनपुढे एक लिहिला. मग ग्लिनपुढे दोन, आणि ग्लिनच्या जोडीदारापुढे, वॉर्डपुढे, तीन. घर बुडवायचं तिच्या मनात नव्हतंच. तिला फक्त एकच आकडा स्वतःचा हवा होता. चिठ्ठी पेटीत टाकून ती बाहेर आली तेव्हा खुर्चीतून मॅलकीनं तिच्याकडे बघून मान हलवली, आणि ती घरापर्यंत कशी चालत आली तेही तिला आठवेना.

पुढच्या रविवारी तिनं पाद्र्यापुढे कबुली दिली. जाळीपलीकडचे पाद्रीबाबा स्वतः ग्लिनच्या बाजूचे. म्हणाले, "हे पाप नाही, बाई. पण पुन्हा करू नकोस."

तिनं पुन्हा केलं. दर वेळी. आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी मॅलकी सायकलनं गॉलवेला मतमोजणीला जायचा. कोर्टाच्या दालनात कठड्याला टेकून पेट्या उघडताना बघायचा आणि संध्याकाळी येऊन चुलीपुढे सगळं सांगायचा. आपले किती आले, कुठल्या पेटीनं दगा दिला. साबिना कपबशा विसळत कान टवकारून उभी राहायची. हेशनचं काय झालं हे विचारायची सोय नव्हती. कधी मॅलकी जाता जाता बोलून जायचा, कधी नाही. मग तिला चार दिवसांनी पेपर येईपर्यंत थांबावं लागायचं. पेपर आला की ती अंडी गुंडाळायच्या निमित्तानं तो आधी आपल्याकडे घ्यायची.

सासू गेली. मुलं कॉव्हेंट्रीला गेली, तिथंच लग्नं करून राहिली. घरात दोघंच उरली. आणि मग साबिनाच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. गॉलवेच्या डॉक्टरनं बघितलं आणि मॅलकीला बाजूला घेऊन सांगितलं की फार उशीर झालाय. ती साठीच्या आतच होती. खिडकी कुठे आहे एवढं कळायचं, बाकी काही नाही. मॅलकीनं चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत दोरी बांधली. दुसऱ्या महिन्यात तिनंच ती सोडून टाकली. "मी काय शेळी आहे?" म्हणाली. घर तिला पाठ होतं.

साठ साली जूनमध्ये निवडणूक आली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपली पंचाईत झाली.

त्या वेळचा कायदा असा होता की आंधळ्या माणसाचं मत मास्तरांनी लिहायचं. खोली रिकामी करायची, पोलिसानं दार लावायचं, आणि मतदारानं नाव तोंडानं मोठ्यानं सांगायचं. खुर्च्यांवरच्या दोघांनी ते ऐकायचं, मास्तर बरोबर लिहितात की नाही ते बघायचं. दोघांनी गुप्ततेची शपथ घेतलेली असते, ते ठीक आहे. पण त्या दोघांतला एक तुमचा नवरा असला तर?

मॅलकीनंच एका सकाळी विषय काढला. लापशी खाता खाता म्हणाला, "गुरुवारी मास्तर लिहितील तुझं. तू नुसतं सांगायचंस."

"ठाऊक आहे."

"मी असेन. जार्लथ असेल."

"तेही ठाऊक आहे."

तो चमचा ताटलीत फिरवत राहिला, तिला ऐकू येत होतं. मग म्हणाला, "तुला यायचं नसेल तर नको येऊस. एका मतानं ग्लिन काही पडत नाही."

याला काही संशय आला असेल का? की बायको आंधळी, लोकांपुढे धडपडेल, म्हणून लाज वाटते? "येणार मी," ती म्हणाली. "डोळे गेलेत, पाय नाही गेले."

तीन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. ग्लिनचं नाव घ्यायचं, की सुटलं. कुणाला काही कळणार नाही, संसार होता तसा राहील. पण मग ती बर्फाची पायरी, ते बाळ, इतकी वर्षं जपलेला तो एक आकडा, सगळं मुकाट्यानं पुसून टाकायचं, आणि तेही स्वतःच्या तोंडानं. आणि हेशनचं नाव घेतलं तर? फेस्टसच्या भावापुढे, त्याच्याच देखत, त्याच्या भावाला मारणाऱ्यांच्या बाजूचं नाव! हा माणूस उद्या तिच्या हातचा चहा घेईल का? तिला आता त्याच्याशिवाय शर्टाचं बटणही लावता येत नव्हतं. तिला खरोखर भीती वाटत होती.

गुरुवारी दुपारी ग्लिनचा भाचा मोटार घेऊन दारात आला. आपापल्या बाजूच्या मतदारांना आपापल्या मोटारीतून नेतात, ही इथली पद्धतच. "चला मावशी, बसा. गादी टाकलीय खास."

"मी चालत येते."

"अहो, असं काय करता? सगळा गाव म्हणेल ग्लिननं आंधळ्या बाईला चालवलं!"

"म्हणू दे. तुझ्या मामाचं नाव एवढ्यानं खराब व्हायचं असतं तर केव्हाच झालं असतं," साबिना म्हणाली. ग्लिनच्या मोटारीत बसून जायचं आणि नाव हेशनचं घ्यायचं, हे तिला पटेना. म्हणजे तिनं ठरवलंच होतं, पण तिला स्वतःला ते त्या क्षणी कळलं. काठी घेऊन, डाव्या हाताच्या भिंतीला धरून ती शाळेपर्यंत एकटी गेली. भाचा बिचारा मोटार पहिल्या गिअरमध्ये ठेवून मागून येत राहिला. वरात निघाल्यासारखं झालं.

शाळेत खडूचा आणि ओल्या कोटांचा वास होता. मास्तर टर्नींनी सगळ्यांना बाहेर काढलं. दार लागलं. एका बाजूला जार्लथचा खोकला, दुसऱ्या बाजूला काहीच आवाज नाही. म्हणजे तिकडे मॅलकी.

"मिसेस फॅलन, नावं वाचून दाखवू?" मास्तर म्हणाले.

"वाचा."

"कॉनिफ. ग्लिन. हेशन. मॅनियन. वॉर्ड."

"हं."

"एक नंबर कुणाला?"

साबिनानं टेबलाची कड धरली. "हेशन," ती म्हणाली. आवाज तिला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला.

जार्लथचा खोकला एकदम थांबला. पेन्सिलीचा आवाज झाला, छोटासा. मास्तरांनी घसा साफ केला. ते चाळीस वर्षं या गावात शिकवत होते, त्यांना काय समजायचं ते समजलं होतं. "आणि दोन?"

आणि साबिनाला पुढचं नावच सुचेना. ग्लिन, ग्लिन, हे तिच्या डोक्यात होतं, पण तोंडाला येईना. आपण घर मोडलं, एवढंच एक डोक्यात घुमत होतं. मास्तरांनी परत विचारलं. ती नुसती उभी.

"दोन ग्लिन, मास्तर," उजवीकडून मॅलकीचा आवाज आला. "तीन वॉर्ड. दर वेळी तेच असतं तिचं."

"मॅलकी फॅलन!" मास्तर ओरडले. "तुला इथं बोलायची परवानगी नाही! पुन्हा तोंड उघडलंस तर बाहेर काढीन!" मग खालच्या आवाजात, "मिसेस फॅलन, तुम्हीच सांगायला हवं."

"दोन ग्लिन," साबिना म्हणाली. "तीन वॉर्ड." दर वेळी तेच असतं? म्हणजे? मास्तरांनी घडी घातलेली चिठ्ठी तिच्या हातात दिली, तिचा हात धरून पेटीच्या फटीपर्यंत नेला. तिनं ती टाकली. परत जाताना ती ग्लिनच्या भाच्याच्या मोटारीत बसली. भिंत धरून चालायचं त्राण उरलं नव्हतं.

जूनची संध्याकाळ इकडे लांबते. मॅलकी पेटीला लाख लावून घरी आला तेव्हाही खिडकीत उजेड आहे हे तिला कळत होतं. किटली चढवलेली नव्हती. ती चुलीशी बसून होती, हात मांडीवर.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

मॅलकीनं कोट काढला, खुंटीला लावला. "युद्धातल्या निवडणुकीपासून."

"कसं कळलं?"

"अगं, मोजणीला चिठ्ठ्या उलगडून टाकतात, आम्ही कठड्यावरून बघतो. आपल्या पेटीत एक चिठ्ठी. एक हेशन, दोन आणि तीन आपले. इथं कोण असं करतं? मी मनाची समजूत घातली, गिरणीवाला असेल, तो प्रोटेस्टंट, त्याला काय फरक. मग गिरणीवाला मेला आणि चिठ्ठी येतच राहिली. आणि तो दोन. खाली लांब शेपटीचा. अंड्यांच्या पेटीवर तू काढतेस तसा."

साबिना उठून उभी राहिली. भीती गेली आणि त्या जागी असा संताप आला की तिची तिलाच ओळख पटेना. "अठरा वर्षं! अठरा वर्षं मी जीव मुठीत धरून जगले, मॅलकी! पेपर चोरून वाचला! पाद्र्यापुढे रडले! आणि तू चुलीपुढे बसून मजा बघत होतास?"

"मजा?" मॅलकी म्हणाला. "पहिल्या वेळी गॉलवेहून येताना मी पुलावर सायकल टाकली आणि ओकलो. वाटलं घरी जाऊच नये. फेस्टसच्या फोटोखाली माझी बायको भाकरी भाजते आणि..."

"फेस्टससाठी मी रोज प्रार्थना करते. तुझ्यापेक्षा जास्त करते! मी त्याला मारणाऱ्यांना मत नाही दिलं. बादल्या उचलणाऱ्याला दिलं."

"ठाऊक आहे."

"मग बोलला का नाहीस?"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, तो बसला होता. "काय बोलायचं, साबिना? त्याला तुझ्या बादल्या कुंपणाशी ठेवताना मी लांबून बघितलं होतं. तू पायरीवरून पडलीस तेव्हा मी कुठे होतो? ग्लिनच्या सभेला खुर्च्या मांडत होतो. मी घरी असतो तर विहिरीवर मी गेलो असतो. मग कुठल्या तोंडानं विचारू की एक नंबर कुणाला देतेस?"

इतक्या वर्षांत त्या बाळाबद्दल तो पहिल्यांदाच बोलला. साबिनाला वाटलं होतं तो विसरला. तिचा राग काही त्यानं गेला नाही, खोटं कशाला सांगा. ती पुढचे कित्येक दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. "चहा घे" आणि "दार लाव", बस्स. पण त्या रात्री तिनं त्याची बशी शोधली, बटाटे वाढले आणि शेजारी बसून राहिली, तो जेवेपर्यंत.

हेशन त्या वर्षी निवडून आला, ग्लिनही आला. जार्लथ क्वर्क, ज्याच्या तोंडात एरवी तीळ भिजत नाही, त्यानं त्या दुपारबद्दल मरेपर्यंत ब्र काढला नाही. गावाला कळलं ते साबिनानंच म्हातारपणी सांगितलं तेव्हा.

मग कायदा बदलला. आंधळ्यानं आता मोठ्यानं बोलायची गरज राहिली नाही, आपल्या विश्वासाचं एक माणूस आडोशामागे सोबत नेता येऊ लागलं. आंधळा सांगेल ते त्या माणसानं लिहायचं. अट एवढीच की तो माणूस कुठल्या उमेदवाराचा खुर्चीवरचा माणूस नसावा. सदुसष्टची निवडणूक जवळ आली तेव्हा साबिना म्हणाली की शेजारच्या क्विनांच्या मुलीला घेऊन जाईन. मॅलकी "बरं" म्हणाला. दोन दिवसांनी ग्लिनचा भाचा आला, आता तोच उमेदवार होता. तो दारातूनच ओरडत आला, "मॅलकीकाका, हे काय ऐकतोय मी? खुर्ची सोडली म्हणे? तुम्ही नसलात तर मेलेले सगळे उठून येतील की!"

"येऊ देत. त्यांनाही हौस असेल," मॅलकी म्हणाला. "मला त्या दिवशी दुसरं काम आहे."

साबिनाला काही सांगायची गरज उरली नाही. तिनं क्विनांच्या मुलीला, आता यायला नको, असा निरोप पाठवला.

मतदानाच्या दिवशी दोघं चालत गेली, तिचा हात त्याच्या कोपरात. तीसेक वर्षांत पहिल्यांदाच मॅलकी त्या शाळेत रांगेत उभा होता, आणि त्याच्या खुर्चीवर कुणी पोरगेलासा बसला होता. लोक बघत होते. मास्तर आता नवे होते. त्यांनी मॅलकीची सही घेतली आणि दोघांना आडोशामागे सोडलं. जागा एका माणसापुरतीच होती. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागत होता आणि त्याच्या श्वासाला तंबाखूचा वास होता.

"हं, सांग," तो कुजबुजला.

"हेशन आहे ना अजून?"

"आहे. तिसरं नाव. म्हातारा झालाय, या खेपेला पडणार तो."

"पडू दे. एक त्याला."

मॅलकी हलला नाही. साबिनाला त्याचा श्वास ऐकू येत होता. कुणी मागून खोकलं. भट्टीच्या भिंतीशी उभ्या केलेल्या पोराचा हा भाऊ, सगळं आयुष्य एका बाजूनं उभा राहिलेला, आणि त्याच्या हातात पेन्सिल. तिला एकदम त्याची दया आली. म्हणावं, राहू दे, ग्लिनच्या भाच्याला लिही, मला काही नाही वाटायचं. ती तसं म्हणणारही होती. तेवढ्यात पेन्सिल फळीवर टेकली आणि वरून खाली गेली, सावकाश, जोरात, कर्र असा आवाज करत.

"दोन?" त्यानं विचारलं.

"तुझा माणूस."

तो आकडा पटकन झाला. तीनही झाला. मॅलकीनं चिठ्ठी तिच्या हातात दिली. "घडी तू घाल," म्हणाला.

तिला दिसत नव्हतं त्यानं काय लिहिलंय ते. नवे मास्तर दोन पावलांवर होते. विचारलं असतं तर त्यांनी वाचून दाखवलं असतं. तिनं कागद पालथा केला आणि घडी घालायला बोटं फिरवली. वरून तिसऱ्या नावाच्या जागी, कागदाच्या मागच्या बाजूला एक उभा वळ उठला होता, इतका दाबून काढलेला की तिच्या बोटाला वरपासून खालपर्यंत लागला. बाकी कागद सपाट होता. तिनं बोट त्या वळावर थोडा वेळ ठेवलं, मग चिठ्ठी दुमडली आणि पेटी कुठे आहे हे मॅलकीला विचारलं.